तुमचा वॉर्ड

सकाळचा राउंड संपत आला होता. शेवटच्या खाटेपाशी हात स्वच्छ करून मी दाराकडे वळले, तेव्हा अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी मागून लगबगीने आली आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या वॉर्डात चौदा नंबरला रात्री एक मावशी दाखल झाल्यात. मी त्यांची हिस्टरी घेऊ का?" मी हो म्हणाले आणि निघाले. वाक्य साधे होते. त्यात तक्रार नव्हती, उलट आदरच होता. तरीही जिना उतरताना त्यातला एक शब्द पायात काटा मोडावा तसा सलू लागला. तुमच्या वॉर्डात. ही मुलगी चार वर्षांहून अधिक काळ याच इमारतीत वावरते आहे. शरीररचनाशास्त्राच्या टेबलापाशी फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरेपर्यंत ती उभी राहिली आहे, रात्रपाळीच्या सिस्टरांबरोबर ती जागली आहे, ऑक्सिजनच्या बाटलीतली बुडबुड ऐकत तिने याच वॉर्डातल्या बाकावर परीक्षेचा अभ्यास केला आहे. तिच्या बरोबरची मुले पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यापासून "आपलं कॉलेज", "आपला वॉर्ड" असे सहज बोलतात. हिच्या तोंडी मात्र अजून "तुमचं" आहे.

मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो आणि 'आपण' म्हटले की तो आत येतो. कितीतरी भाषांमध्ये या दोन्हींसाठी एकच शब्द असतो. आपल्याकडे बोलणाऱ्याला प्रत्येक वेळी ठरवावे लागते, आणि बहुतेक वेळा ते त्याच्याही नकळत ठरते. म्हणूनच त्या मुलीला मी "आपल्या वॉर्डात असं म्हणत जा" असे सांगू शकत नव्हते. सांगितले असते तर तिने दुसऱ्या दिवसापासून तसे म्हटलेही असते, कारण ती सांगितलेले सगळे करते. पण पाठ केलेले 'आपण' हे खरे 'आपण' नव्हे. हल्ली वैद्यकीय शिक्षणाच्या चर्चांमध्ये 'बिलाँगिंग' हा शब्द पुष्कळ ऐकू येतो आणि आम्ही त्याचे भाषांतर 'आपलेपणा' असे करून मोकळे होतो. मला ते अपुरे वाटते. आपलेपणा दाखवला जातो. तो दाखवणारा यजमान असतो आणि ज्याला दाखवला तो पाहुणाच राहतो. ज्या घरात आपला हक्क असतो, तिथे आपल्याला कोणी आपलेपणा दाखवत नाही. तिथे आपण न विचारता खिडकी उघडतो.

दुसऱ्या दिवशी तिने चौदा नंबरची केस मांडली. साठीच्या मावशी, धाप लागणे, पायांवर सूज, रात्री उशांना टेकून बसल्याशिवाय झोप नाही, हृदयाची ताकद कमी झाल्याचे जुने निदान, आणि पाच महिन्यांत तिसऱ्यांदा दाखल. मागच्या डिस्चार्ज कार्डावर कोणीतरी लाल शाईने अधोरेखित करून लिहिले होते, 'औषधे नियमित घेत नाही'. मांडणी व्यवस्थित चालली होती. मध्येच ती थांबली, मावशींकडे वळली आणि त्यांच्या बोलीत तिने काहीतरी विचारले. मला अर्धेच समजले. लघवीची गोळी आणि कामाचे दिवस, असे काहीतरी होते. माझ्यामागे सात-आठ विद्यार्थी ताटकळत उभे होते, बाह्यरुग्ण विभागातून दोनदा फोन येऊन गेला होता. मी म्हणाले, "ते नंतर. आधी जेव्हीपी दाखव." ती तत्काळ वळली, मावशींना पंचेचाळीस अंशांवर टेकवून बसवले, मानेतल्या शिरेवर बाजूने उजेड पाडला आणि तिच्यातला दाब बरोबर दाखवला. मावशी तोंड किंचित उघडे ठेवून माझ्याकडे पाहत होत्या. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या ओठांवर आले होते आणि ते त्यांनी गिळले, हे मी पाहिले.

पाहिले, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

संध्याकाळी एक राहिलेला अहवाल पाहण्यासाठी वॉर्डात परतले, तेव्हा ती मुलगी मावशींच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसलेली दिसली. भेटीची वेळ संपून गेली होती, मोठे दिवे मालवले होते, आणि दोघी अगदी खालच्या आवाजात बोलत होत्या. मला पाहताच ती उठून उभी राहिली, जणू चोरी पकडली गेली असावी. म्हणाली, "मॅडम, त्या गोळी घेतात. फक्त कामाच्या दिवशी घेत नाहीत." मग सारे उलगडले. मावशी एका ठिकाणी झाडलोटीचे काम करीत. जाताना दोन बस बदलाव्या लागत, आणि कामाच्या जागी त्यांच्यासारख्यांना वापरता येईल असे स्वच्छतागृह नव्हते. लघवी वाढवणारी ती गोळी तासाभरात काम सुरू करते आणि तिचा परिणाम सहा ते आठ तास टिकतो. आम्ही ती सकाळी घ्यायला सांगितली होती. आठवड्यातले सहा दिवस मावशी ती गोळी फडक्यात बांधून कपाटात ठेवत आणि सातव्या दिवशी, सुटीच्या सकाळी, नेमाने घेत. कार्डावर लाल शाईत लिहिलेली 'अनियमितता' अशी घड्याळाच्या काट्यावर चालत होती.

उपाय दोन मिनिटांचा होता. मावशी तीनच्या सुमारास घरी परतत. गोळी चार वाजता घ्यायची, म्हणजे रात्री निजण्याच्या वेळेपर्यंत तिचा जोर ओसरतो. मी कार्डावर तसे लिहिले. नंतर न राहवून तिला विचारले, "हे विचारायचं तुला कसं सुचलं?" ती खाली पाहत म्हणाली, "माझी आईपण असंच करते."

या उत्तराने मला जे झाले ते सांगणे अवघड आहे. आनंद झाला, लाजही वाटली, आणि या दोन्हींच्या खाली एक हिशोब सुरू झाला. रोगाची यंत्रणा, औषधाची मात्रा, मूत्रपिंडाच्या नलिकेच्या नेमक्या कोणत्या भागात ते औषध काम करते, हे सगळे आम्ही तिला शिकवले होते. पण त्या दिवशी ज्या ज्ञानाने रुग्णाचा चौथा प्रवेश टळण्याची शक्यता निर्माण झाली, ते तिने घरून आणले होते. आणि हेच ज्ञान पोशाख, उच्चार आणि बोली यांच्याबरोबर दाराबाहेर ठेवून यावे, अशी आमच्या वर्गखोल्यांची न बोललेली अपेक्षा होती. तेवढ्यात मला आणखी एक गोष्ट आठवली. त्याच सकाळी मावशी मला म्हणाल्या होत्या, "तुमच्या दवाखान्यात बरं वाटतं, घरी गेलं की पुन्हा तेच." त्यांच्याही तोंडी 'तुमच्या' होते. म्हणजे आमच्या संस्थेकडे पाहताना माझी विद्यार्थिनी आणि माझी रुग्ण एकाच बाजूला उभ्या होत्या, आणि पलीकडच्या बाजूला मी होते.

त्या रात्री मी माझे स्वतःचे विद्यार्थिदशेतले दिवस चाळत बसले. त्वचारोगांचा आमचा चित्रसंग्रह जाड, गुळगुळीत कागदाचा होता आणि उघडला की त्याला नव्या शाईचा उग्र वास येई. त्यातला प्रत्येक चट्टा लालसर होता, कारण त्यातली बहुतेक प्रत्येक त्वचा गोरी होती. सूज आली की त्वचा लाल होते, रक्तातला ऑक्सिजन घटला की ओठ निळे पडतात, हे आम्ही घोकले आणि मग सावळ्या, काळ्या अंगांवर तो लाल आणि निळा रंग शोधत राहिलो. तिथे लाली जांभळट किंवा करडी दिसते, निळेपणा ओठांपेक्षा जिभेवर आणि पापणीच्या आत पाहावा लागतो, हे कोणी दाखवले नाही. दिसले नाही की आम्ही आमच्या डोळ्यांना दोष देत असू; पुस्तकाला दोष देता येतो हे सुचले नाही. पुढे २०२० मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस येथे शिकणाऱ्या मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याने आपल्या दोन अध्यापकांबरोबर काळ्या आणि तपकिरी त्वचेवर रोगलक्षणे कशी दिसतात याची पुस्तिका तयार केली, हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा आनंद होण्याऐवजी रागच आला. हा प्रश्न वर्गात इतक्या उशिरा का विचारला गेला? तो विचारू शकणारी मुले एक तर वर्गात नव्हती किंवा वर्गात असून गप्प होती, याखेरीज दुसरे उत्तर मला सापडत नाही.

वस्तूंनाही अशी सवय लागते. बोटाला लावण्याच्या पल्स ऑक्सिमीटरवर आम्ही किती निःशंकपणे विश्वास ठेवतो! २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की, यंत्र ९२ ते ९६ टक्के असा दिलासा देणारा आकडा दाखवीत असताना रक्तातले ऑक्सिजनचे प्रत्यक्ष प्रमाण ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचे प्रसंग कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट होते. त्वचेतील रंगद्रव्य प्रकाशाच्या मोजमापात अडथळा आणते, ही शंका त्याआधी अनेक वर्षे लिहून ठेवलेली होती. यंत्राच्या मनात आकस नसतो. ते कोणाच्या बोटांवर तपासून पाहायचे हे माणसे ठरवतात, आणि ते ठरवणाऱ्यांच्या खोलीत कोण बसलेले असते हा प्रश्न शेवटी महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या रांगेपाशी येऊन थांबतो.

ती रांग कशी तयार होते याचा इतिहास मी विद्यार्थ्यांना सांगते, पण तो सांगताना माझ्या मनात दोन बाजू असतात. १९१० मध्ये एब्राहम फ्लेक्सनर यांनी कार्नेगी फाउंडेशनसाठी अमेरिका आणि कॅनडातील वैद्यकीय शाळांची पाहणी करून अहवाल दिला. आज आम्ही ज्याला शास्त्रशुद्ध वैद्यकीय शिक्षण म्हणतो, म्हणजे प्रयोगशाळा, विद्यापीठाशी संलग्नता आणि रुग्णाच्या खाटेपाशी होणारे शिकवणे, ते सर्वत्र रुजण्यात त्या अहवालाचा वाटा मोठा आहे आणि तो मी नाकारणार नाही. प्रयोगशाळा नसलेल्या, केवळ शुल्कावर चालणाऱ्या शाळा बंद व्हायलाच हव्या होत्या. पण त्याच अहवालाने कृष्णवर्णीयांसाठीच्या सात शाळांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी या दोनच टिकवण्याजोग्या ठरवल्या, आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्या पाच बंद पडल्या. त्यांना निधी देऊन उभे करण्याचा मार्गही होता, तो कोणी धरला नाही. दर्जा उंचावला आणि त्याच हाताने दारही लावले गेले. जे डॉक्टर घडलेच नाहीत, त्यांच्या रुग्णांचे काय झाले असेल, हा प्रश्न मी वर्गात विचारते तेव्हा पंखेसुद्धा ऐकू येतात.

याच विषयावर बोलताना मी कधीकधी एक छायाचित्र पडद्यावर लावते. १८८५ च्या ऑक्टोबरमधले, फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातले. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लाम्बूली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात एका ओळीत बसलेल्या आहेत. मराठी वाचकाला आनंदीबाईंची ओळख करून द्यायला नको. माझे लक्ष प्रत्येक वेळी जाते ते त्यांच्या कपड्यांकडे आणि चेहऱ्यांकडे. तिथे प्रवेश मिळाला होता, कौतुकही होते, फोटो काढण्याइतके कुतूहल होते. 'आपण' होते का, हे त्या चेहऱ्यांवरून मला आजवर वाचता आलेले नाही. प्रवेश देणारी संस्था एखाद्या विद्यार्थ्याला दारात घेते आणि मग अभिमानाने त्याचे छायाचित्र काढते. पुढची कित्येक वर्षे त्याने छायाचित्रातच बसून राहावे अशी तिची इच्छा असते की काय, असे वाटावे इतके हे दृश्य आजच्या माहितीपत्रकांमध्येही दिसते.

माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत मी काय केले होते, हे पाहण्यासाठी मी तिचे जुने लॉगबुक मागवले. दुसऱ्या वर्षाच्या पोस्टिंगच्या शेवटी माझ्याच अक्षरात शेरा होता, 'अभ्यासू, पण अबोल. चर्चेत भाग घेत नाही.' त्या शेऱ्याशेजारी गुणही होते आणि ते इतरांपेक्षा थोडे कमी होते, अगदी थोडे. असे थोडे पुढे थोडे राहत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील वैद्यकीय अध्यापकांनी २०१८ मध्ये आपल्याच शाळेच्या नोंदी तपासून लिहिले की, मूल्यमापनातला बारीकसा फरक श्रेणीपर्यंत पोहोचताना मोठा होतो आणि पुरस्कार व सन्मानांपर्यंत पोहोचताना आणखी कितीतरी मोठा. ती अबोल का होती, हे मी तेव्हा विचारले नव्हते. आता आठवते की ती एका भाषेत विचार करून दुसऱ्या भाषेत उत्तर जुळवत असे, आणि तिचे वाक्य जुळेपर्यंत दुसऱ्या कोणीतरी उत्तर देऊन टाकलेले असे. पहिल्या दोन ओळीत उभ्या राहणाऱ्या, डॉक्टरांच्या घरातून आलेल्या मुलांना चुकीचे उत्तरही ठामपणे देता येते, आणि आम्ही त्या ठामपणाला 'क्लिनिकल सेन्स' म्हणतो. ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात काम करणाऱ्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये उलट्या सेवेचा नियम मांडला होता: चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज सर्वाधिक, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. हा नियम मी वर्षानुवर्षे शिकवला. माझ्या राउंडमध्येही तो चालतो आहे, की माझे लक्ष ज्या विद्यार्थ्यांना सर्वाधिक हवे त्यांनाच ते सर्वांत कमी मिळते, हे मात्र त्या लॉगबुकाच्या पानावर मला दिसले.

समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॅफर्टी यांनी १९९४ मध्ये ज्याला छुपा अभ्यासक्रम म्हटले, तो हाच. सामाजिक आरोग्यावरच्या व्याख्यानात आम्ही सांगतो की आजाराची मुळे घर, काम, पाणी आणि रस्ता यांत असतात. मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या सुमारास केलेली व्याख्या फळ्यावर लिहितो: आरोग्यातला जो फरक अनावश्यक आहे, टाळता येण्याजोगा आहे आणि अन्याय्यही आहे, तो विषमतेचा. मुले ती वहीत उतरवून घेतात, परीक्षेत तिला गुणही मिळतात. आणि मग त्याच मुलांसमोर, राउंडमध्ये, मी घर आणि काम यांबद्दलचा एकुलता एक प्रश्न "ते नंतर" म्हणून बाजूला सारते. यांतला कोणता धडा त्यांच्या लक्षात राहील? वर्गातली व्याख्या एका तासाची असते. "ते नंतर" रोजचे असते, आणि ते ज्याच्यासारखे व्हायचे आहे अशा माणसाच्या तोंडून येते.

शब्दांचेही तसेच आहे. क्षयरोगाचे उपचार मध्येच सुटलेल्या रुग्णाला आमच्या पिढीने 'डिफॉल्टर' म्हटले. कर्ज बुडवणाऱ्याला वापरायचा शब्द आम्ही खोकणाऱ्या माणसाला लावला आणि त्यात काही खटकले नाही. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या सुधारित व्याख्यांमधून तो शब्द काढला आणि 'पाठपुराव्यातून सुटलेला' या अर्थाची संज्ञा घेतली. काही सहकारी म्हणाले, शब्द बदलून काय होते? मला वाटते पुष्कळ होते. पहिल्या शब्दात दोष रुग्णाचा आहे. दुसऱ्यात पाठपुरावा कोण करत होते, हा प्रश्न उरतो. 'औषधे नियमित घेत नाही' हे वाक्य त्या पहिल्या शब्दाचेच भावंड आहे, आणि चौदा नंबरच्या कार्डावर ते लिहिणारा माझाच कोणी विद्यार्थी असणार.

अज्ञानापेक्षा खोटे ज्ञान अधिक चिवट असते. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील एका अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना व निवासी डॉक्टरांना काही विधाने दिली गेली. काळ्या माणसाची त्वचा गोऱ्यांपेक्षा जाड असते, यासारखी. सुमारे निम्म्या जणांनी त्यांतले किमान एक खोटे विधान खरे मानले, आणि ज्यांनी ते मानले त्यांनी काळ्या रुग्णाच्या वेदनेला कमी लेखले. ही हुशार मुले होती, कठीण परीक्षा देऊन आलेली. त्यांना असे कोणत्याही पुस्तकात वाचायला मिळाले नसेल. कुठल्याशा वॉर्डात, कोणाच्याशा खांद्यावरून ते ऐकू आले असेल. प्रत्येक समाजात अशी कुजबुज असते. "ही माणसं सहन करतात", "यांना सवय असते", "यांना कितीही सांगा". माझ्या कानांवर ती पडली आहे आणि काही वेळा मी ती अडवलेली नाही. यावर उपाय म्हणून समाजासमाजांच्या वैशिष्ट्यांची यादी शिकवण्याचा प्रघात पडला, आणि मला तो कधीच रुचला नाही. यादी पाठ केलेला डॉक्टर रुग्णाकडे पाहत नाही, यादीकडे पाहतो. मेलानी टर्वलॉन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी १९९८ मध्ये यादीऐवजी विनम्रतेची कल्पना मांडली: आपल्याला या माणसाविषयी ठाऊक नाही, हे ठाऊक असणे आणि ते आयुष्यभर तपासत राहणे. माझ्या विद्यार्थिनीने स्टुलावर बसून केले ते हेच होते.

अर्थात सगळेच काही राउंडमध्ये सुधारणार नाही. ज्या भागात डॉक्टर टिकत नाहीत, तिथलीच मुले निवडून, तिथेच शिकवून पाहणाऱ्या शाळा जगात आहेत. फिलिपिन्समधल्या झांबोआंगा येथे १९९४ मध्ये अशी शाळा सुरू झाली, जिथले विद्यार्थी शिक्षणाचा मोठा भाग वस्त्यांमध्ये राहून पुरा करतात. कॅनडातल्या उत्तर ऑन्टारिओमध्ये २००५ मध्ये सुरू झालेल्या शाळेतले विद्यार्थी तिसऱ्या वर्षाचे आठ महिने लहान गावांमध्ये राहून शिकतात. ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी पुढे ग्रामीण भागात काम करण्याची शक्यता अधिक असते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींमध्येही नोंदलेले आहे. मला या शाळांमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की, तिथे वस्तीतून आलेल्या मुलाला वर्गात जुळवून घ्यावे लागत नाही, वर्गच वस्तीत जातो. स्वच्छतागृह नसलेल्या बसथांब्यावर प्राध्यापकही उभा राहतो. तिथे ठामपणे उत्तर देणारी, पहिल्या ओळीतली मुलेही काही काळ परकी होतात, आणि परके असण्याचा थोडासा अनुभव हा माझ्या मते प्रत्येक डॉक्टरच्या शिक्षणाचा भाग असायला हवा.

चौदा नंबरच्या प्रसंगानंतर मी काही गोष्टी बदलल्या. राउंडमध्ये पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा असतो आणि दुसरा रुग्णाचा. माझी पाळी त्यानंतर येते. 'औषधे नियमित घेत नाही' असे लिहायचे असेल तर 'कारण' हा रकाना भरावा लागतो. उत्तर देण्यापूर्वी सर्वांनी काही क्षण थांबायचे, हात वर केलेल्यांनीसुद्धा. राउंड पंधरा-वीस मिनिटांनी लांबतो आणि त्याबद्दल निवासी डॉक्टर नाराज असतात. त्यांची नाराजी खोटी नाही, कारण त्या वीस मिनिटांची किंमत त्यांच्या झोपेतून जाते.

एक चूक मात्र मी नव्यानेच केली. त्या संध्याकाळनंतर मला त्या मुलीचा अभिमान वाटू लागला आणि त्या भरात मी प्रत्येक अवघड रुग्णापाशी तिला बोलावू लागले. बोली समजत नाही, तिला बोलवा. घरचे ऐकत नाहीत, तिला बोलवा. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि बराच वेळ शब्द जुळवून म्हणाली, "मॅडम, बाकीच्यांनी या आठवड्यात छातीतलं पाणी काढताना असिस्ट केलं. मी तेव्हा बोलायला गेले होते." तिने जे ज्ञान स्वतःहून दिले होते, ते मी तिच्यावर कामासारखे लादले होते. तिला दुभाषी बनवून मी पुन्हा दारातच उभे केले होते, एक हात आत आणि एक हात बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या देखरेखीखाली सुई धरली. तिच्या हातमोज्यांच्या बोटांवर पावडर लागली होती, श्वास रोखलेला होता, आणि पिवळसर पाणी नळीत उतरल्यावर तिने सोडलेला निःश्वास मला रुग्णाच्या निःश्वासाआधी ऐकू आला. मावशींच्या बोलीतले दहा-बारा प्रश्न मी तिच्याकडून लिहून घेतले आहेत आणि माझ्या वयाला ते जड जात असले तरी पाठ करते आहे.

तरीही एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. ती आज "तुमचं" म्हणते म्हणूनच तिला मावशींचा कामाचा दिवस दिसला का? उद्या ती "आपला वॉर्ड" म्हणू लागली, दारातून पूर्ण आत आली, तर तिचीही नजर आमच्यासारखी होईल का? मी स्वतः कधीतरी बाहेरच होते. आमच्या घरातही त्यापूर्वी कोणी डॉक्टर नव्हते आणि पहिल्या वर्षी मीही कोपऱ्यात उभी राहत असे. मी आत आले तो क्षण मला आठवत नाही, पण आत येताना बाहेर काय ठेवले हे आता थोडे थोडे आठवू लागले आहे. तिने इथे हक्काने राहावे आणि तरी तिला तिची आई दिसत राहावी, ही माझी इच्छा आहे. ते कसे साधते याची रीत माझ्याकडे नाही. बहुधा आम्हालाच थोडे बाहेर जावे लागेल.

मागच्या आठवड्यात चौदा नंबरच्या मावशी तपासणीसाठी आल्या. वजन स्थिर होते, पायांवर बोटाने दाबले तर खळगा पडत नव्हता, रात्री एकाच उशीवर झोपतात म्हणाल्या. फडक्याची गाठ सोडून त्यांनी गोळ्यांची पाकिटे माझ्यासमोर मांडली आणि रिकाम्या खळग्यांवरून बोट फिरवून दाखवले. मग त्यांनी माझ्या खांद्यापलीकडे, दाराकडे पाहिले आणि विचारले, "आपली डॉक्टरीण आज दिसत नाही?"

आपली. मी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या शब्दात मला धरले होते की तो केवळ बोलण्याचा ओघ होता, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. "पलीकडच्या वॉर्डात आहे," मी म्हणाले, "थांबा, बोलावते." फोन टेबलावरच होता. पण मी उठले आणि तिला बोलवायला स्वतः गेले.